उशाशी ठेवलेला मुकुट

भातसानगरच्या वसाहतीतलं वाचनालय बंद झालं तेव्हा कपाटं कोणी नेली आणि पंखा कोणी काढून नेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुस्तकं मात्र व्हरांड्यात ढीग करून ठेवली होती, ज्याला हवी त्याने न्यावीत म्हणून. कादंबऱ्या पहिल्याच दिवशी गेल्या. पाककृतींची गेली, हात बघायची गेली. उरलेल्या ढिगातून दर्शना विशेने चार जाडजूड खंड उचलले. ते कोणीच उचलत नव्हतं, म्हणूनच खरं तर. आत इंग्लंडच्या राजांवरची नाटकं होती, चारशे वर्षांपूर्वीची, कोणीतरी खपून मराठीत आणलेली.

नाटककाराचं नाव तिला नवं नव्हतं, ते कोणालाच नवं नसतं. मुरबाडच्या कॉलेजात तिने बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं आणि त्याची दोन नाटकं अभ्यासली होती. दोन्हींच्या शेवटी रंगमंचावर नुसती प्रेतं. राजांची नाटकं परीक्षेला नव्हती. "ती लढायांची, कंटाळवाणी," एवढ्यावर सरांनी तो विषय उरकला होता. मग लग्न झालं, धरणावरच्या नोकरीवाल्याबरोबर क्वार्टरमध्ये संसार झाला, आदेश झाला, आणि वाचायचं म्हणजे डाळीच्या पुडीचा कागद, असं करत करत पन्नाशी उलटली.

पहिलं नाटक तिने दुपारी वाचायला घेतलं. कामावरून आलेल्या नवऱ्याला चहा द्यायचंही तिला त्या दिवशी सुचलं नाही. वाल्मिकनेच चहा टाकला आणि कप घेऊन समोर बसला.

"काय वाचतेस एवढं तोंड पाडून?"

"राजा आहे एक. त्याला गादीवरून उतरवलाय."

"कोनी?"

"चुलतभावानं."

वाल्मिकने कप खाली ठेवला. "मग मोठ्यानं वाच की."

वाल्मिक विशे धरणाच्या दरवाज्यांवर होता. पावसाळ्यात साहेबाचा हुकूम आला की किती दरवाजे, किती उघडायचे ते उघडायचे, आणि एरवी यंत्रांना तेल-वंगण करत राहायचं, हे काम त्याने आयुष्यभर केलं. कमरेला चाव्यांचा जुडगा. तो झोपताना उशाखाली जायचा. वाल्मिक मूळचा वैशाखऱ्याचा, मुरबाडहून माळशेजला जाताना लागतं तिथला. चार चुलत्यांचं घर, आणि बांधावरून झालेली भांडणं लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे इंग्लंडचे राजे त्याला परके वाटलेच नाहीत. पहिल्या राजाला उतरवून चुलतभाऊ गादीवर बसला आणि पुढल्या नाटकात त्याला झोप लागेना, तेव्हा वाल्मिक म्हणाला, "कशी लागंल? दुसऱ्याच्या खाटेवर पडलाय तो."

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी हातपाय धुऊन तो विचारायचा, "आज कोन हाय गादीवर?" आणि दर्शना वाचायला लागायची. तिचं तिलाच नवल वाटायचं. एवढी वर्षं या माणसाशी ती भाजी, लाइटबिल आणि आदेश यांपलीकडे फारसं बोलली नव्हती. आता तो एखाद्या सरदाराच्या बाजूने तावातावाने भांडायचा, आणि ती भाजी ढवळायला उठली की म्हणायचा, "त्याला तिथंच उभा ठेवून कुठं चाललीस?"

त्याच नाटकात राजाचा थोरला मुलगा आला. युवराज, पण दिवसभर गुत्त्यात. एका म्हाताऱ्या, जाडजूड, बोलघेवड्या माणसाच्या नादाला लागलेला. वाल्मिक हसला. "हा म्हातारा म्हंजे आपला अनंताच की गो!"

दर्शनालाही हसू आलं आणि लगेच गेलं. आतल्या खोलीत आदेश फोन घेऊन पडला होता, आणि दार उघडं होतं.

आदेश सत्तावीस वर्षांचा. डिप्लोमाचे दोन विषय राहिले ते राहिलेच. आसनगावच्या एका गोदामात कंत्राटावर लागला होता, ते सुटलं. मग तो वाल्मिकच्या चुलतभावाच्या, अनंताच्या मागे फिरायला लागला. अनंताचा माळशेज रस्त्याला ढाबा होता आणि मुंबईच्या लोकांना फार्महाउसचे प्लॉट दाखवायचा धंदा. जिथे रस्ता व्हायचाय तिथे रस्ता झालाय म्हणून सांगायची त्याला सवय. शनिवार-रविवारी गिऱ्हाईकं यायची, त्यांच्यासाठी कोंबडी कापली जायची, आणि उरलेली बाटली पोरांच्यात संपायची. दर्शनाचा जीव मोटरसायकलच्या आवाजात अडकलेला. घाटाकडून येणारे ट्रक, पावसात न दिसणारे खड्डे, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मोटरसायकल दारात थांबेपर्यंत तिच्या हातून धड काही व्हायचं नाही.

त्या युवराजाने तिला धीर दिला. तो एका ठिकाणी एकटाच असताना सांगतो की हे माझं वागणं वरवरचं आहे, वेळ आली की मी वेगळा दिसेन. ते भाषण तिने तीनदा वाचलं. वाल्मिकला मात्र ते पटलं नाही.

"वेळ आली म्हंजे? वेळ काय टपालानं येती?"

"राजपुत्र आहे तो. सुधारेल."

"सगळ्या आया असंच म्हंतात," वाल्मिक म्हणाला. पण आवाज खाली आणून.

कधीकधी दुपारी तिला राहवायचं नाही आणि ती एकटीच पुढे वाचायची. असं करताना ती त्या प्रवेशापाशी आली. राजा आजारी आहे. झोपलाय, आणि मुकुट उशाशी ठेवलाय. युवराज येतो. बापाचा श्वास चालताना त्याला दिसत नाही. बाप गेला असं समजून तो मुकुट उचलतो, डोक्यावर ठेवतो आणि दुसऱ्या खोलीत निघून जातो. मग राजा डोळे उघडतो.

दर्शनाने पुस्तक मिटलं आणि फडताळात ठेवून दिलं. वाल्मिकला सांगितलं, डोळे दुखतात, पुढचं नंतर.

तिच्या डोक्यात वसाहतीतल्या नळावरचं बोलणं होतं. दोन वर्षांपूर्वी दरवाज्यांवरचाच एक जण नोकरीत असताना वारला आणि अनुकंपाखाली त्याचा मुलगा लागला. "बाईचं नशीब. पोरगं मार्गी लागलं," असं बायका बोलल्या होत्या, आणि त्यांच्यात दर्शनाही मान हलवत उभी होती. वाल्मिक येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होता. त्यानंतर क्वार्टर सोडायचं, आणि आदेशला नोकरी अशी कुठेच नाही. माणूस मे महिन्याच्या आत गेला तर पोराला नोकरी, आणि जगला तर काही नाही. हा हिशोब घरात कोणी उच्चारला नव्हता. पण तो सगळ्यांना येत होता.

श्रावणात धरण भरत आलं. अशाच एका दिवशी वाल्मिक दरवाज्यांवरून खाली उतरताना पायरीवर बसला आणि उठलाच नाही. आधी शहापूर, तिथून कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात. अनंता बातमी कळताच आपली गाडी घेऊन धावला. हे खरंच आहे, तो नसता तर वाल्मिक शहापूरच्या पुढे गेला नसता. डॉक्टर म्हणाले, अवघड आहे, जवळच्यांना बोलावून घ्या.

पहाटे दर्शना औषधं आणायला खाली गेली. वाल्मिक राखेच्या रंगाचा होऊन पडला होता. अनंताने दारातून पाहिलं, आदेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "गेला रे दादा." त्याने लगोलग वैशाखऱ्याला फोनही लावला. दर्शना वर आली तेव्हा वाल्मिकभोवती नर्सेसची धावपळ चालली होती, अनंता बाकावर बसून रडत होता, आणि आदेश नव्हता. उशाशी रुमालात बांधून ठेवलेल्या चाव्याही नव्हत्या.

उजाडलं, ऊन वर आलं, आणि वाल्मिकने डोळे उघडले. बायकोकडे पाहिलं. मग हात उशीकडे नेला.

"चाव्या?"

"आहेत."

"कुठं?"

खोटं बोलायचं तिच्या मनात होतं. पण अनंताकडून कळलं होतं तेच तोंडून आलं. "आदेश घेऊन गेला. ऑफिसात."

वाल्मिकने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "लवकर गेला."

दोन आठवड्यांनी घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. म्हणून त्याला वैशाखऱ्याच्या घरी नेलं. गाडीतून उतरला तर अंगणात निळ्या प्लास्टिकखाली लाकडांची थप्पी, आणि कडेला दोन हिरवे बांबू.

पावसाळ्यात कोरडं लाकूड मिळत नाही. म्हणून भाऊबंदांत कोणी गेल्याचा निरोप आला की दवाखान्यातून माणूस येईपर्यंत कोणी थांबत नाही. प्रत्येक घर आपल्या पडवीतलं, माळ्यावरचं लाकूड आणून टाकतं. वाल्मिकसाठी सगळ्यांनी आणलं होतं, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांनीसुद्धा. आणि आता ते परत न्यायला कोणी तयार नव्हतं.

"सरनाला दिल्यालं लाकूड चुलीत नाय घालायचं," शेजारच्या ताराबाई म्हणाल्या. त्या भाऊबंदांत सगळ्यांत वडील. "ऱ्हाऊ दे तिथंच. लागंल कोनाला तरी."

"कोनाला तरी कशाला काकी? माझ्या नावाची हायेत ती," वाल्मिक म्हणाला.

अनंता तोंड चुकवत उभा होता. "दादा, तुझं आयुष्य वाढलं बघ. अशी खोटी बातमी उठली की वाढतं."

"तू सांगितलंस म्हंजे वाढलंच. तू तर ओढ्याच्या पलीकडं पन रस्ता दाखवतोस."

सगळे हसले. दर्शनाला हसता आलं नाही. रोज सकाळी दार उघडलं की समोर ते निळं प्लास्टिक.

आदेशही गावीच राहिला. बापाला हात धरून परसात न्यायचा, औषधं आणायला मुरबाडला जायचा, अनंताने बोलावलं तरी प्लॉट दाखवायला जायचा नाही. पण दोघांत बोलणं उरलं नव्हतं. "पानी दे." "घ्या." एवढंच. तो विचारायचा, "आई, बाबा कसे वाटतायत?" आणि त्या प्रश्नात तिला दुसराच प्रश्न ऐकू यायचा. आपल्या पोटच्या मुलाविषयी असं मनात येतं म्हणून ती स्वतःला कोसायची, आणि पुन्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. आनंद आहे का? वाट बघतोय का? असं बघून बघून ती थकली. वाल्मिकला सांगूनही थकली, कारण त्याने नवीनच टुमणं लावलं होतं. रजा संपली की मी दरवाज्यावर जानार. डॉक्टर नको म्हणतायत म्हटलं की नुसता हसायचा. तसं तो आधी कधी हसत नसे.

एका दुपारी, पडवीत पाऊस शिंतडत असताना, त्याने विचारलं, "आज कोन हाय गादीवर?"

आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. तिने बरोबर आणलेला खंड काढला. "तोच. आजारी आहे."

"मग वाच."

आदेश पायरीवर बसून मोटरसायकलची साखळी घासत होता. दर्शनाने थोडं वाचलं आणि दोन-तीन पानं एकदम उलटली.

"पान गाळलंस," वाल्मिक म्हणाला.

"चिकटलं होतं."

"सोडव मग."

आता दुसरा इलाज नव्हता. तिने वाचलं. झोपलेला राजा, उशाशी मुकुट, मुलाचं येणं, बापाला हाक मारणं, मुकुट घेऊन जाणं. साखळी घासायचा आवाज थांबला. मग राजाचं जागं होणं आणि मुलाला बोल लावणं, एवढी घाई झाली होती का म्हणून. मुलाचं गुडघ्यावर बसून रडणं. तुम्ही गेलात असंच वाटलं, हे सांगणं. राजाने त्याला जवळ बसवून घेणं. ती शेवटपर्यंत वाचत गेली, कारण मध्ये थांबली असती तर तिला कोणाकडे तरी बघावं लागलं असतं.

"ते पोरगं खरं बोलतंय का खोटं?" वाल्मिकने विचारलं.

"लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही."

"आदेश."

"हं."

"तुला वाटलं मी गेलो."

"काका बोलला. मी हात लावून पन बघितला. थंड होता."

"म्हनून चाव्या घेऊन गेलास."

"पानी चढत होतं बाबा. साहेबाचा फोन आल्ता, चाव्या कुठेत म्हनून."

"तेवढंच?"

आदेशने हातातलं फडकं पिळलं. "नाय. काका बोलला, आज तुझं तोंड दिसलं तर साहेबाच्या ध्यानात ऱ्हाईल. पुढं नाव लावायचंय."

"मग कळलं बाप जिता हाय. तवा काय वाटलं?"

"अहो, पुरे झालं," दर्शना म्हणाली.

"तू गप. राजा इचारतोय."

आदेशने मान वर केली नाही. "बरं वाटलं," तो म्हणाला. मग, "वाईट पन वाटलं. दोनी वाटलं. गाडी कडेला लावून रडलो मी. ते कशाचं रडू होतं, मला नाय ठाऊक. खरंच नाय ठाऊक बाबा."

दर्शनाला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, छातीवर हात धरेल. तिचे हात गोळ्यांच्या डबीकडे गेले. पण वाल्मिक शांत होता. खूप लांबून चालत आलेल्या माणसासारखा.

"मला पन दोनी वाटलं," तो म्हणाला. "डोळं उघडलं, ही दिसली, बरं वाटलं. मग मे महिना आठवला. म्हटलं, एवढं दारात जाऊन परत आलो. पोराचं काम तेवढं ऱ्हायलं."

रजा संपल्यावर दरवाज्यावर जायचं टुमणं, ते हसणं, सगळं दर्शनाला एकदम कळलं. इतके दिवस ती चुकीच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत होती.

आदेश उठला. "असं बोलू नका," तो म्हणाला, आणि मग ओरडून, "असं बोलायचं नाय!" आणि तसाच पावसात उतरला.

ती मोटरसायकलच्या आवाजाची वाट बघत राहिली. तो आला नाही. आला तो प्लास्टिक फाडल्याचा आवाज, आणि त्यामागून कुऱ्हाडीचा. ती धावत बाहेर गेली. आदेश थप्पीतला एकेक ओंडका काढून फोडत होता आणि परसातल्या पाणी तापवायच्या चुलीपाशी टाकत होता. पडून पडून लाकूड दमट झालं होतं. चूल आधी नुसती धुमसली, मग पेटली. त्याने हंडा चढवला.

धूर बघून ताराबाई दारात आल्या. "आरं ए! ती सरनाची हायेत! काय करतोस मेल्या?"

"पानी तापवतोय आजी."

"शोभतं का तुला?"

अनंता ढाब्यावर जायला निघालेला, तोही छत्री टाकून आत आला. "आदेश, ठेव ती कुऱ्हाड. लोकं काय बोलतील? आपल्यात असं करत नायत."

"तुमी सगळ्यांनी माझ्या बापासाठीच दिलीत ना?" आदेश म्हणाला. तोंडावरून पाणी निथळत होतं, आणि ते सगळं पावसाचं नव्हतं. "त्यांच्याच आंघोळीला लावतोय. दुसऱ्याच्या कामाला नाय."

"दादा, तू तरी सांग त्याला!"

वाल्मिक खांबाला धरून पडवीच्या कडेला उभा राहिला होता. धुराने त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत दर्शनाने त्याची पाठ धरून ठेवली.

"जास्ती कडक करू नको म्हनाव त्याला," वाल्मिक म्हणाला.

ताराबाई बोटं मोडत आत गेल्या. अनंता कोपऱ्यात पडलेले ते दोन बांबू उचलून बाहेर घेऊन गेला. कुठे टाकले, कोणी विचारलं नाही.

आदेशने बापाला न्हाणीत पाटावर बसवलं आणि तांब्याने पाणी घालायला लागला. दर्शना दाराशी टॉवेल घेऊन उभी होती. यातून काही सुटलं नाही, हे तिला कळत होतं. नोकरी नव्हतीच, क्वार्टर जायचंच होतं. वाल्मिक उद्या पुन्हा दरवाज्यावर जायचं म्हणणार आणि तिला पुन्हा नाही म्हणावं लागणार, मे महिना उलटेपर्यंत रोज. फक्त आता नाही म्हणायला ती एकटी नव्हती.

"बास," वाल्मिक म्हणाला.

"अजून हाय पानी," आदेश म्हणाला, आणि ओतत राहिला.

तिने अंगणाकडे पाहिलं. थप्पीला जेमतेम खळगा पडला होता. भाऊबंदांनी हात राखून दिलं नव्हतं. रोज आंघोळ घातली तरी ते दसऱ्यापर्यंत सहज पुरलं असतं.